दोन बाटल्या आणि एक काच: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मे २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याचा आजार ठरला आणि सगळी धावपळ त्यावरच्या अँफोटेरिसिन या औषधामागे लागली. ६० किलोच्या रुग्णाला लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेले) औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम लागते. एका व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) ५०. दिवसाला सहा व्हायल, तेही काही आठवडे. बुरशी मेंदूत गेली की डोस दुपटीपर्यंत जातो. पुढच्या साथीत व्हायल वाचवायच्या असतील तर निदान लवकर करा, एवढेच आमचे मागणे आहे.

लोक या आजाराच्या बुरशीला काळी बुरशी म्हणतात, पण बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. काळी दिसते ती मेलेल्या भागाची खपली. तोवर उशीर झालेला असतो. गाल बधिर होणे, एकाच बाजूचा डोळा दुखणे, वरचे दात हलणे ही लक्षणे दिसताच नाक दुर्बिणीने तपासावे आणि बाधित भागाचा तुकडा घ्यावा. नुसता स्वॅब (कापसाच्या काडीवरचा नमुना) भरवशाचा नाही.

घोळ इथेच होतो. अख्खा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जातो, बुरशी मरते आणि कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहताना, काहीच उगवत नाही. बाटल्या दोन हव्यात: बायोप्सीसाठी फॉर्मॅलिनची, सूक्ष्मजीवशास्त्रासाठी निर्जंतुक सलाईनची. प्रयोगशाळेत तो तुकडा खलात कुटू नये, बुरशीचे तंतू फुटतात. ब्लेडने बारीक कापावा. काचेवर (स्लाइडवर) १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून, तुकडा विरघळू देऊन मायक्रोस्कोपखाली पाहावे. रुंद, पट्टीसारखे, जवळपास आडपडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे तंतू म्युकरकडे बोट दाखवतात. बारीक, आडपडद्यांचे, ४५ अंशांत फुटणारे असतील तर बहुधा अ‍ॅस्परजिलस ही वेगळी बुरशी. व्होरिकोनाझोल हे औषध अ‍ॅस्परजिलसवर चालते, म्युकरवर नाही. उत्तर त्याच दिवशी मिळते. मात्र काच निगेटिव्ह आली आणि लक्षणे बोलत असली, तर लक्षणांवर विश्वास ठेवून रुग्ण पुढे पाठवावा.

करमाळ्याचा रुग्ण सोलापूरच्या सिव्हिलला यायला शंभरावर किलोमीटर येतो. क्षयाची थुंकी तपासणारा मायक्रोस्कोप आणि तंत्रज्ञ तालुक्याला आहेतच. त्यांना ही काच वाचायला शिकवावी.

औषध सुरू झाल्यावरही चूक होते: अँफोटेरिसिन सलाईनमध्ये मिसळले की गाळ बसतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजच वापरावे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्तातले पोटॅशियम वरचेवर पाहावे.

आणि स्टेरॉइड. त्याने शुगर चढते आणि चढलेल्या शुगरमध्ये ही बुरशी फोफावते. कोविडमध्ये डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. सकाळी दिलेल्या डोसाने शुगर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीचा आकडा फसवतो. म्हणून ग्लुकोमीटरने दिवसातून चार वेळा तपासून ती १४० ते १८० मध्ये ठेवावी. चाचणीपट्ट्यांचा खर्च व्हायलपुढे किरकोळ आहे.

दोन बाटल्यांचा आदेश आपल्या सहीने निघावा आणि त्याची प्रत प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लागावी, ही विनंती.

आपले,
सोलापुरातील सूक्ष्मजीवशास्त्र आणि कान-नाक-घसा विषयांचे डॉक्टर