मंत्रीसाहेब, सहा वर्षांखालच्या पोरांना लिहायला लावणाऱ्यांना कोण विचारणार?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकची, सिडकोत राहते. सगळी नोकरी बालवाडीतच झाली, आता रिटायर व्हायचं वय झालंय पण पोरं सोडवत नाहीत. सुरुवात एका नावाजलेल्या इंग्लिश मिडीयम नर्सरीत झाली, तिथं साडेतीन वर्षांच्या मुलांकडून रोज एक पान ए बी सी डी गिरवून घ्यायचो आणि ज्याचं पान अर्धं राहील त्याचा डबा उशिरा उघडायचा असा तिथला नियम होता, खोटं नाही सांगत. मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा मलाच सांगितलं की मॅडम तुम्ही दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे एक छोटी मराठी बालशाळा मिळाली, पगार निम्मा. पण तिथल्या मोठ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांची पुस्तकं वाचायला दिली, आणि मग पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला घेऊन गेल्या. ताराबाई मोडकांनी 1945 साली तिथंच जवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला आलं, सोबत अनुताई वाघ. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेली तर कुरणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदावर आहे तो ह्या बायकांच्या कामातून आलाय आणि तुमच्या खात्यातल्या किती जणांना हे माहितीये देव जाणे.

आता आमच्या वर्गात काय चालतं ते सांगते. ताटात राजमा आणि हरभरा एकत्र केलेला असतो, मुलगा चिमट्यानं एकेक दाणा उचलून वेगळा करतो, जीभ बाहेर, कोणी हाक मारली तरी वर बघत नाही. बाजूला दोघं नरसाळ्यातून बाटलीत पाणी भरतायत, अर्धं फरशीवर, मग फडकं आणून तेच पुसणार. अंगठा आणि दोन बोटं ह्यानंच तयार होतात, पुढं पेन्सिल धरायला तीच लागतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती हाडं नसतातच, कूर्चा असते, आणि सगळी नीट व्हायला दहा-बारा वर्षं जातात. अशा हाताकडून कसलं पानभर लेखन घेता हो? पण पालक येतात, सातपूरला कंपनीत शिफ्ट करून दमलेले असतात बिचारे, आणि विचारतात, "ताई, वहीत काहीच नाही?" त्यांचा राग येत नाही. पहिलीच्या ॲडमिशनला मुलाची परीक्षा घेणार हे त्यांना शेजारणीनं सांगितलेलं असतं.

आणि इथंच तुमचा कायदा गळतो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, त्याच्या कलम 13 मध्ये प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायची नाही, केली तर पहिल्या वेळी 25 हजारापर्यंत दंड आणि पुढं दर वेळी 50 हजारापर्यंत. वाचायला छान. पण कायद्यातलं मूल सहा ते चौदा वर्षांचं, त्यामुळे नर्सरीतला तीन वर्षांचा जीव त्यात बसतच नाही. कलम 11 मध्ये त्याच्यासाठी सरकार सोय करू शकेल एवढंच म्हटलंय, करायलाच पाहिजे असं कुठं आहे? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिक्षण वगैरे सगळं लिहिलंय, पण अंगणवाडी महिला-बालविकासकडे, पहिली तुमच्याकडे, आणि गल्लीतल्या बंगल्यात चालणाऱ्या नर्सरीत पोरांकडून काय करून घेतात हे बघायला कोणीच जात नाही.

बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला त्यानंतर सीसीटीव्ही, स्टाफची पोलीस तपासणी ह्यावर बोलणं झालं, ते हवंच, त्यावर वाद नाही. पण कॅमेऱ्यात डबा बंद ठेवून गिरवायला बसवलेलं मूल शांत बसलेलंच दिसतं ना!

म्हणून मागणी अशी की खासगी नर्सरीसाठी जो काही नियम कराल त्यात दोन ओळी घाला, सहा पूर्ण होईपर्यंत सक्तीचं लेखन नाही आणि कुठल्याही प्रवेशाला मुलाची मुलाखत नाही, दंड तोच जो कलम 13 मध्ये आहे. अजून एक, शिक्षिकेची पात्रता ठरवताना नुसती डिग्री बघू नका. आमच्याकडे बारावी झालेल्या ताई आहेत, रडणारं पोर दोन मिनिटांत मांडीवर शांत होतं त्यांच्याकडे, त्यांना काम करता करता कोर्स पूर्ण करायची मुभा आणि चार-पाच वर्षं वेळ द्या, नाहीतर त्यांना काढून बीएड झालेल्या पण पोरांना घाबरणाऱ्या मुली भरतील शाळा.

नाशिकला तुमच्या फेऱ्या होतातच. एकदा सकाळी साडेनऊला वर्गावर या, सत्कार, फीत काही नको, तासभर खाली सतरंजीवर बसा आणि राजमा-हरभरा निवडून बघा.

आपली,
एक बालवाडीताई, सिडको, नाशिक