सातव्या भेटीची तारीख उलटली, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

गेल्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आपण भाषणात म्हणालात की प्रत्येक सरकारी रुग्णालयात पूर्णवेळ समुपदेशक असेल. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. परवा सातव्या भेटीला गेले, तर 'समुपदेशन कक्ष' ही पाटी जागेवर आणि दाराला कुलूप. काचेतून डोकावले. आत फायलींचे गठ्ठे आणि सलाइनचे मोडके स्टँड. शिपाई म्हणाला, "मॅडमचं कंत्राट संपलं. नवीन कोणी आलं की कळवू." कोण कळवणार, ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

मागण्या पुढे लिहिल्या आहेत. आधी माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घसा आवळलेला, वाटलं संपलं आता सगळं. ईसीजी नॉर्मल. पुढच्या दीड वर्षात आणखी चार ईसीजी, टूडी एको, थायरॉइड. सगळं नॉर्मल आणि दर वेळी तेच वाक्य, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." साहेब, टेन्शन घ्यायला मी गेलेच नव्हते! झोपेची गोळी दिली, तिची सवय लागली, ती सोडवताना जीव मेटाकुटीला आला. घरचे म्हणत, तुला कमी काय आहे? ऑफिसच्या रजेच्या अर्जावर मी मुकाट्याने 'ताप' लिहीत राहिले.

मला काय होतंय हे पहिल्यांदा समजावलं ते त्या समुपदेशक मॅडमनी. हे पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचे अचानक येणारे झटके. घाबरलं की श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरतं. आपण त्या मुंग्यांनाच घाबरतो, की श्वास आणखी वाढतो. एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, मिनिटभर मुद्दाम धापा टाकायला लावल्या. "येऊ दे धडधड. पळू नकोस, घड्याळ बघ." बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत ती शिगेला पोचते आणि मग आपणहून उतरते. तिसऱ्या भेटीत तर मला खुर्चीतच हसू फुटलं. मग आम्ही दहा पायऱ्या लिहून काढल्या. पहिली, लिफ्टच्या दाराशी नुसतं उभं राहणं. सहावी, दार बंद, आत एकटी, एकच मजला. तिथवर आले होते.

कक्ष चौथ्या मजल्यावर आहे. परवा जिन्याने गेले, धाप लागली, धापेचीच भीती वाटली आणि तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून खाली बसले. समोरच्या भिंतीवर तुमच्या खात्याचं पोस्टर होतं, 'मन मोकळं करा'. कुणापाशी? भिंतीपाशी?

विचार आणि वागण्याची सवय बदलणाऱ्या या उपचाराला (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) साधारण बारा ते वीस भेटी लागतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात याचा पाया घातला, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही. टाके घालता घालता सर्जन 'माझं कंत्राट संपलं' म्हणून निघून गेला, तर चालेल तुम्हाला?

आकडे हवेत ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2019मध्ये जगात चिंताविकाराचे तीस कोटींवर रुग्ण होते. उपचार मिळतात चौघांत जेमतेम एकाला. चिंता आणि नैराश्यापायी दरवर्षी कामाचे 1200 कोटी दिवस वाया जातात. माझे 'तापाचे' दिवस त्यातच धरा.

पण मशीन आलं की फीत कापता येते, फोटो निघतो. समुपदेशनाला लागते एक खोली, दोन खुर्च्या आणि दर आठवड्याला तोच माणूस. कापायला फीत नाही, तिथेच घोडं पेंड खातं. पदं मंजूर करायची, भरायची नाहीत, भरलीच तर कंत्राटावर, आणि वर्षातून एकदा जनजागृती. झालो की जागे! जागं झालेल्यांनी जायचं कुठे, ते तेवढं भाषणात राहून गेलं.

मागण्या: ते पद कायमस्वरूपी भरा. कुणाचं कंत्राट संपवायचंच असेल, तर चालू पेशंट आधी दुसऱ्याकडे सोपवा. आणि ती खोली उघडा. काचेतून दिसणाऱ्या गठ्ठ्यांत माझीही फाइल आहे, सहाव्या पायरीपर्यंतची. समुपदेशक मिळायला वेळ लागणार असेल, तर निदान ती फाइल तरी परत द्या.

आपली,
सहा भेटींची पेशंट