तुम्ही तो प्रश्न कधीच विचारला नाहीत

आदरणीय फादर, सिस्टर आणि चर्चच्या सेवा-गटातले सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

एड्सने आजारी असलेल्या माझ्या भावाला भेटायला येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारायचाच, 'पण याला हे झालं कसं?' नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारत. रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याने तर अख्ख्या वॉर्डासमोर विचारलं. उत्तर ऐकून माणसं ठरवत, कीव करायची की तोंड फिरवायचं. तुम्ही त्याच्यासाठी शेवटपर्यंत राबलात आणि हे एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा तुमचे आभारसुद्धा दबक्या आवाजात मानावे लागले, म्हणून आज उघडपणे लिहिते आहे.

सिस्टर, त्याच्या पाठीवरच्या जखमा धुताना तुम्ही हातमोजे घालायचात, रक्त लागलेले कपडे ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायचात. ते झालं की हातमोजे काढायचे, हात धुवायचे आणि उशाशी बसून उघड्या हातांनी त्याला भरवायचं. तोंडात बुरशीचा पांढरा थर. घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही घाई केली नाहीत. आईला कसला उपदेशही केला नाहीत. कुठे जपायचं आणि कुठे घाबरायचं कारणच नाही, हे तिला तुमच्याकडे बघूनच कळलं. त्याचं वेगळं ठेवलेलं ताट काही दिवसांतच आमच्या ताटांत मिसळलं.

फादर, त्या काळात 'ही देवाची शिक्षा' म्हणणारे धर्मगुरू कमी नव्हते, तुमच्या धर्मातही होते. तुम्ही मात्र त्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचलात. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. आणि त्याच्या डोळ्यांना चिखलाचा लेप लावतो. आई मागच्या बाकावर होती. घरी आल्यावर तिने मला तो भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

त्याच प्रवचनात मी युगांडाच्या कॅनन गिडियन ब्यामुगिशांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आपल्याला एचआयव्ही आहे, हे या अँग्लिकन धर्मगुरूने १९९२ साली उघडपणे सांगितलं आणि चर्चने त्यांना दूर लोटलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोस्ट होली रिडीमर चर्चविषयीही तुम्ही बोललात. तिथल्या सिस्टर पूर्वी राहायच्या त्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये १९८७ साली शेवटच्या टप्प्यातल्या एड्सरुग्णांसाठी शुश्रूषागृह सुरू झालं होतं. मग तुम्ही बायबल मिटलंत आणि बाकांवरून एक कागद फिरवलात. रात्री कोण बसेल, गाडीने रुग्णालयात कोण नेईल, कपडे कोण धुईल. कागद भरून परत आला.

रात्री बसायला बहुतेक वेळा गायनवृंदातले ते आजोबा यायचे. त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, झोप लागली की दिवा बारीक करायचे. आम्ही तुमच्या धर्माचे नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच काय, तुमच्यापैकी कोणीही त्याच्या आजाराचा फायदा घेऊन धर्माची गोष्ट काढली नाही. लोक काय काय बोलत होते, ते तुमच्याही कानावर येत असणार, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. भाऊ गेला तेव्हा आमची माणसं उंबऱ्याबाहेर थांबली. त्याला खांदा दिला तो तुमच्या गटातल्यांनी.

तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार १९९६ साली आला, पण आमच्यासारख्यांच्या हाती तो पडेपर्यंत आणखी किती वर्षं गेली! आज नियमित गोळ्या घेणारा माणूस भरपूर जगतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. तरीही माणसं तपासणीचा कागद लपवतात, नोकरी जाईल म्हणून गोळ्यांची बाटली दुसऱ्या डब्यात ओततात. अशांसाठी तुमचा गट अजून भरतो, हे कळलं. कोणाच्या गोळ्या चुकल्या तर तुम्ही रागावत नाही, घरी जाऊन चौकशी करता, असंही ऐकलं. त्यांच्या घरच्यांच्या वतीनेही तुमचे मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची बहीण