फाइलची माहिती आकड्याने नको, नावाने वाचायला शिकवा

मा. संपादक,

स्क्रिप्टिंगवरचे लेख तुमच्या पेपरात येतात ते मी आवडीने वाचतो, नवीन पोरंपोरी त्यातूनच शिकतात, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगायचीय. फाइलची साइझ किती, शेवटचा बदल कधी झाला, मालक कोण, हे सिस्टिमला विचारताना कोडमध्ये यादीतल्या जागेचे नुसते आकडे टाकायला शिकवू नका, फील्डचं, म्हणजे त्या त्या माहितीच्या रकान्याचं, नाव लिहायला शिकवा.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत स्टॅट, म्हणजे फाइलची माहिती विचारणारी आज्ञा, वापरली की 13 गोष्टींची यादी मिळते, मोजणी शून्यापासून, त्यात 7 वर साइझ आणि 9 वर शेवटच्या बदलाची वेळ. पायथन या दुसऱ्या भाषेतल्या स्टॅटलाही आकडा देता येतो पण क्रम वेगळा, साइझ 6 वर, बदलाची वेळ 8 वर. आता पर्लची सवय असलेल्याने पायथनमध्ये साइझसाठी 7 लिहिलं तर एरर येतच नाही, फाइल शेवटची कधी वाचली ती वेळ येते, तीही 1970 पासूनच्या सेकंदांत, म्हणजे हल्लीच वाचलेली असेल तर 170 कोटींच्या वर, आणि चार ओळींची फाइल दीड जीबीपेक्षा मोठी दिसते. हे निदान डोळ्यात तरी भरतं. खरं दुखणं बदलाच्या वेळेसाठी लिहिलेल्या 9 चं आहे. तिथे सीटाइम नावाची वेगळीच वेळ येते, लिनक्सवर ती नुसती परमिशन बदलली तरी बदलते, वेळ दिसायला अगदी बरोबर, शंका यायचं कारणच नाही, आणि बॅकअपची स्क्रिप्ट मजकूर जसाच्या तसा असलेल्या फाइलीसुद्धा बदलल्यात असं समजून परत कॉपी करत बसते.

नावाने वाचलं की हा घोळच होत नाही. पायथनमध्ये 2001 सालच्या 2.2 पासून साइझसाठी एसटी_साइझ, शेवटच्या बदलाच्या वेळेसाठी एसटी_एमटाइम अशी नावं आहेत. पर्लमध्ये फाइलच्या माहितीसाठी फाइल::स्टॅट आणि युझरच्या माहितीसाठी युझर::पीडब्ल्यूएन्ट ही मॉड्यूल्स, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत, दोन्ही पर्लसोबतच येतात, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. अर्थात नाव आलं म्हणून डोळे झाकून चालायचं नाही, पर्लच्या तारीख-वेळ देणाऱ्या टाइम::लोकलटाइमला इयर विचारलं तरी 1900 वजा केलेलंच साल मिळतं आणि महिने 0 पासून, पायथनमध्ये सालासाठी असलेल्या टीएम_इयरमध्ये मात्र पूर्ण साल येतं. पण निदान आपण काय मागितलंय ते कोड वाचणाऱ्याला कळतं.

तेव्हा पुढच्या लेखात स्टॅटचं उदाहरण द्याल तर नावांसकट द्या, आणि जुनी आकड्यांची पद्धत दाखवायचीच असेल तर तो क्रम कोणत्या भाषेतला आहे तेही शेजारीच छापा.

आपला,
एक वाचक