होगे वेलुवेला जाताना ब्रेक आणि गोचीड

संपादक महोदय,

नेदरलँड्सला येणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा बेत ट्यूलिप आणि पवनचक्क्यांपाशी संपतो. ट्यूलिप मे महिन्यात आटोपतात. ऑगस्टमध्ये मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यान जरूर दाखवावे. सुमारे ५४०० हेक्टरांत जंगल, उडत्या वाळूचे पट्टे आणि माळ आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून जेमतेम महिनाभर हा माळ हीथर या बुटक्या झुडपाच्या फुलांनी जांभळा होतो. मेंढ्या चारल्या नाहीत, तर पाइन आणि बर्चची रोपे काही वर्षांत माळ गिळून टाकतील. फोटोसाठी झुडपांत शिरू नये. सप्टेंबरमध्ये संध्याकाळी लाल हरणांच्या नरांचे डरकणेही ऐकू येते.

ओटर्लो, हूंडर्लो आणि स्खार्सबर्खन या तिन्ही प्रवेशद्वारांशी पांढऱ्या सायकली फुकट मिळतात. लहान मुलांच्या आणि मूल बसवायची सीट असलेल्याही. पडझड होते ती इथेच. या सायकलींना हाताचे ब्रेक नसतात, पेडल उलटे दाबले की सायकल थांबते. आपल्याकडे उताराला पाय सहज उलटे फिरवायची सवय असते, तसे केले की चाक एकदम अडते. निघतानाही पेडल मागे फिरवून वर आणता येत नाही, त्यासाठी सायकल थोडी पुढे ढकलावी लागते. ज्येष्ठांनी आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटे सराव करावा, मगच नातवंडाला मागे बसवावे. सीट खाली घेऊन दोन्ही पाय टेकतील अशी ठेवावी.

दुसरी गोष्ट गोचिडीची. इथली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते आणि तिच्यामुळे लाइम रोग हा जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. पँट मोज्यांत खोचावी. घरी आल्यावर त्याच दिवशी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि मुलांच्या केसांच्या कडेला, कानामागे नीट पाहावे. सापडल्यास टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल, रॉकेल, जळती काडी यांपैकी काहीही लावू नये. डिवचलेली गोचीड लाळ जखमेत सोडते. तारीख लिहून ठेवावी. पुढच्या तीन महिन्यांत तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. भारतात परतल्यावर हे घडले, तर गोचीड चावल्याचे आणि ती नेदरलँड्समध्ये चावल्याचे आवर्जून सांगावे, कारण इथल्या डॉक्टरांना जो संशय चटकन येतो, तो तिथे येईलच असे नाही.

उद्यानातल्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात व्हॅन गॉगची चित्रे आहेत. त्याचे तिकीट वेगळे असते आणि सोमवारी ते बंद असते.

– एक मराठी वाचक, नेदरलँड्स