शूटआऊटला लॉटरी म्हणू नका

संपादक महाशय,

मंगळवारच्या अंकातला 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्यावरचा आपला अग्रलेख वाचला. मेस्सीला अखेर चषक मिळाला, एम्बापेने तीन गोल करूनही फ्रान्स हरला, इथवर ठीक. पण पुढे पेनल्टी शूटआऊटला, म्हणजे बरोबरी सुटावी म्हणून दोन्ही संघ आळीपाळीने गोलकीपरसमोर एकेक फटका मारतात त्याला, लॉटरी म्हणून आपण मोकळे झालात. दर विश्वचषकाला कुणी ना कुणी हे लिहितोच, आणि लिहिणारा कधी गोलपोस्टखाली उभा राहिलेला नसतो.

नशिबावर सोडणे काय असते ते 1968 साली झाले. युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिले, तेव्हा नाणे उडवून इटलीला फायनलला पाठवले. तिथे खेळाडूंच्या हातात काहीच नव्हते. रविवारी कतारमधल्या लुसैलच्या फायनलला तसे झाले काय? फ्रान्सच्या कोमनचा फटका अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने उजवीकडे झेपावून अडवला. फ्रान्सचा चुआमेनी मारायला आला तेव्हा मार्टिनेझने चेंडू लांब फेकला. तो पोरगा चेंडू आणायला गेला, परत आला आणि बाहेर मारला. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या व्हॅन डाइकचा आणि बर्घाउसचा फटका मार्टिनेझनेच अडवला होता, 2021 साली कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धेत कोलंबियाचे तीन यानेच. आणि अर्जेंटिनाच्या ज्या मोंटिएलच्या हाताला चेंडू लागून जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटांत फ्रान्सला पेनल्टी मिळाली, त्यानेच पुढे येऊन निर्णायक फटका मारला. त्याला केवढी छाती लागते!

सर्वोत्तम गोलकीपरच्या पुरस्काराचा हातमोजा घेऊन मार्टिनेझने जो हावभाव केला त्यावर आपण चार ओळी खर्च केल्यात. तो मलाही आवडला नाही. पण जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि मार्टिनेझने डावा पाय ताणून तो गोल वाचवला, त्याबद्दल अक्षर नाही. तो चेंडू आत गेला असता तर 4-3 ने फ्रान्स जिंकला असता, शूटआऊटची वेळच आली नसती.

मी चिडलोय त्याला कारण आहे. पेठेतल्या तालमीच्या संघाचा मी गोलकीपर होतो. शाहू स्टेडियमवर एक फायनल टायब्रेकरवर, म्हणजे शूटआऊटवरच, गेली. मारणारा धावत आला की मी चेंडूकडे बघत नसे. चेंडूशेजारी तो जो पाय टेकवतो, त्याचा चवडा कुठे वळलाय ते बघायचे. बहुतेक वेळा चेंडू तिकडेच येतो. सरावात तेच तासन्‌तास घोटलेले. त्या दिवशी दोन फटके अडवले. दुसरा बोटांना लागून खांबावर गेला, करंगळी आजही नीट मिटत नाही. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात गोल मारणाऱ्या सगळ्यांची नावे, प्रमुख पाहुण्यांचे नाव, बक्षीस देणाऱ्यांचेही नाव. माझे नव्हते. 'प्रतिस्पर्ध्यांचे दोन फटके वाया गेले' एवढेच होते. वाया गेले नव्हते हो, मी अडवले होते! वडिलांनी ती बातमी शोधत अख्खे पान वाचून काढले होते, त्याचा राग अजून गेलेला नाही.

गल्लीत आज कुठलेही पोरगे आपणहून गोलात उभे राहत नाही, उशिरा आलेल्याला उभे करतात. आपण अडवण्याला नशीब म्हणत राहिलात तर कोण राहील?

आणखी एक. अर्जेंटिना जिंकल्यावर इथे झालेल्या जल्लोषाला अर्धे पान, आणि आपल्या इथल्या सामन्यांना कोपऱ्यातला चौकोन, त्यातही नुसता स्कोअर. फोटोत झेंडे नाचवणारी निम्मी पोरे याच पेठांच्या संघांतून खेळतात. यंदाच्या हंगामात टायब्रेकर झाला तर दोन्ही गोलकीपरांची नावे आणि कुणी कुणाचा फटका अडवला, एवढे तरी छापावे.

आपला,
एक जुना गोलकीपर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर