गोरेवाड्यात नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तुम्ही नागपूरजवळील गोरेवाड्याच्या जंगलात आणि तलावाकाठी केलेल्या कामाबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

जंगलात येणाऱ्या बहुतेकांना बिबट्या पाहायचा असतो. तुमच्या वाट्याला मात्र दहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकटी आखणे, त्यांतील तेंदू, मोह आणि धावड्याची रोपे मोजणे, मोठ्या झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरच टेप धरून घेणे, असे चिकाटीचे काम आले. रायमुनिया, म्हणजे घाणेरीचे पसरणारे तण, उपटली म्हणजे जंगल सुधारले, असे मानण्याची आपल्याकडे फार घाई होते. पण मोकळ्या झालेल्या जागी चितळ-सांबरांना लागणारे गवत वाढते, रानतुळशीचे तण शिरते, की रायमुनियाचेच नवे फुटवे येतात, हे त्याच चौकटीत पुन्हा पुन्हा जाऊन पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. वनमजुरांना विचारून झाडांची स्थानिक नावेही तुम्ही शास्त्रीय नावांशेजारी लिहिलीत, हे फार चांगले केलेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तुमची शून्याची नोंद. तलावावर ठरलेल्या जागी ठरलेला वेळ थांबूनही ज्या सकाळी चक्रवाक किंवा तलवार बदक दिसले नाही, त्या सकाळी तुम्ही रकाना कोरा न सोडता शून्य लिहिले आणि धुके किती होते, काठावर वर्दळ होती का, हेही नोंदवले. कोऱ्या रकान्यावरून पक्षी नव्हता की पाहणाराच आला नव्हता, हे नंतर कुणालाही कळत नाही. एखादी जात खरोखर कमी होत आहे हे पुढे दाखवायचे झाल्यास अशी शून्येच पुरावा ठरतात. ओळख पटली नाही तिथे अंदाजाने नाव न घालता ‘अनोळखी बदक’ लिहिण्याचा तुमचा प्रामाणिकपणाही तितकाच महत्त्वाचा आहे.

पहाटेच्या अंधारात तुम्हाला घराबाहेर पडू देणाऱ्या तुमच्या आई-वडिलांचेही आभार.

चौकटींच्या कोपऱ्यांवरचे दगड तुम्ही रंगवून ठेवले असल्याने पावसाळ्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच जागा सापडतील, आणि तुमच्या नोंदपत्रकांच्या प्रती आम्ही त्यांच्या हाती देऊ. शक्य झाल्यास पहिल्या फेरीला त्यांच्यासोबत यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
गोरेवाडा तलावावरील एक पक्षीनिरीक्षक